कॉम्प्युटर डिप्लोमाला बेसिक इलेक्ट्रॉनिक्स कशाला, आणि ते जमेल का?

जमेल, अजिबात घाबरू नकोस. ब्रांच कॉम्प्युटरची तर पहिल्या वर्षी रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कशाला असं विचारलंयस, तर कारण सरळ आहे, प्रोग्रॅममधला ० आणि १ म्हणजे शेवटी व्होल्टेजच असतं, ५ व्होल्टवर चालणारी टीटीएल आयसी (डिजिटल चिपचा एक प्रकार) २ व्होल्टच्या वरचा इनपुट १ धरते आणि ०.८ च्या खालचा ०. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं डिजिटल खूप सोपं जातं.

थिअरीत ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) आणि किरचॉफचे दोन नियम (सर्किटमधल्या करंटची आणि व्होल्टेजची बेरीज कशी जुळते ते सांगणारे) पक्के कर, सर्किटची बहुतेक गणितं त्यावरच असतात. पण विषय खरा कळतो प्रॅक्टिकलला. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर घे (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टेवाला). एलईडीवर साधारण २ व्होल्ट जातात, उरले ७, भागिले ४७०, म्हणजे १५ मिलीअँपच्या आसपास करंट. मग मल्टिमीटरने मोजून बघ, वहीतलं उत्तर मीटरवर दिसतं ना तेव्हा फार भारी वाटतं!

ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड) मधल्या एका ओळीतली ५ भोकं आतून जोडलेली असतात, त्यामुळे एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत घातलेस तर तो लागणारच नाही, सुरुवातीला हमखास होणारी चूक. आणि करंट मोजताना मीटर सिरीजमध्येच, म्हणजे करंटच्या वाटेतच लाव, थेट सप्लायच्या दोन टोकांना लावलास तर फ्यूज उडतो, आमच्या बॅचला पहिल्याच दिवशी दोन मीटर असे गेले होते.