गंज परत आणा

पत्र असं आहे:

"ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ४८. आर्वीकडच्या एका गावात राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. पावसाळा संपल्यावर शाळेची सहल सेवाग्रामला नेली होती. बापूकुटी पाहून वाटलं, एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत राहिला, आणि आपल्या घरात पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीत माळा रिकामा केला. तांब्या-पितळेची जुनी भांडी आर्वीला नेऊन मोडीत दिली. पैसे बरे आले. त्यात बांबूची मांडणी आणि एकसारखे डबे घेतले. त्यात पत्नीच्या माहेरचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, होता; त्यावरून ती दोन दिवस बोलली नाही, पण आता बोलते. तसाही तो गंज आमच्यापेक्षा शेजाऱ्यांच्याच कामी यायचा. (माझी पुस्तकं आणि जुन्या रेडिओंचा संग्रह हा वेगळा विषय.) पण आता उत्साह मावळला आहे. कमी वस्तूंत, साधं राहण्याची स्फूर्ती टिकवायची कशी? आदर्श कोणाचा ठेवावा?"

भाऊ, स्फूर्तीचं राहू द्या बाजूला. मी गंजापाशीच अडकले.

"पण आता बोलते", असं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. काय बोलते हो? दूध आलं, सिलेंडर संपलं, पोराचा फोन येऊन गेला? एवढं बोलणं घरात चालूच राहतं, राग गेला तरी आणि नाही गेला तरी. प्रकरण मिटलं हे तुम्ही एकट्यानं ठरवलंय. गंज द्यायचा हेही तुम्ही एकट्यानंच ठरवलं होतं.

मी तुमचं घर पाहिलेलं नाही, पण असे गंज पुष्कळ पाहिलेत. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. बापाचं नाव, गाव, कधी लग्नाची तारीख. कासार पत्र्यावर ठोकत बसायचा आणि शेजारी उभं राहून कोणीतरी "वेलांटी दुसरी, दुसरी" म्हणून ओरडत असायचं. आतून कल्हई. तळाला बाहेरून काळा थर, कितीही चिंच लावून घासा, जात नाही. मुलीला आंदणात असं भांडं द्यायला शेतकरी बापाला कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहावी लागायची. तुमच्या दुकानदारानं तो काट्यावर ठेवला तेव्हा नाव वाचलं का हो कोणी? तुम्ही तरी?

आणि ते दुसरं वाक्य: शेजाऱ्यांच्याच कामी यायचा. हे तुम्ही गंज नकोसा असल्याचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला तर तिथेच कपाळाला हात लावावासा वाटला. अहो, गावात तेरवी असते, बारसं असतं, हनुमान जयंतीचा भंडारा असतो. चाळीस माणसांच्या वरणासाठी कोणी बिछायत केंद्रात भाडं भरायला जात नाही. ज्याच्या घरी मोठं भांडं असेल तिथे जातात. तुमच्या गल्लीत ते घर तुमचं होतं. गंज कोणाकडे गेलाय, कधी येणार, परत आल्यावर तळाशी लागलेलं वरण कोणी न घासता पाठवलं, याचा सगळा हिशेब वहिनींच्या डोक्यात असणार. त्या बदल्यात तुमच्या घरच्या कार्याला कोणाच्या सतरंज्या आल्या, कोणाच्या पराती आल्या, तेही त्यांनाच ठाऊक. एका भांड्यावर दहा घरांनी आपापलं नवीन भांडं घेण्याचं टाळलं होतं. कमी वस्तूंत राहणं म्हणतात ते हेच होतं, भाऊ. तुमच्या घरात चालू होतं आणि तुम्ही ते किलोच्या भावानं विकलं.

आता पुढचं पाहा. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली. एखादी बाई दारात येऊन म्हणते, "काकू, गंज देता का दोन दिवस?" वहिनी काय सांगत असतील? "सरांनी मोडीत दिला" म्हणतात, की "वर कुठेतरी आहे, सापडत नाही" असं खोटं बोलून तुमची अब्रू झाकतात? त्या दोन दिवस गप्प राहिल्या हे तुम्हाला दिसलं. दारातली ही उत्तरं त्या गेले काही आठवडे देताहेत, ती तुमच्या पत्रात नाहीत.

आपल्याकडे भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतात. माणसं कडेकडेनं झोपतात, अंगाला खाज सुटते, पण त्याला अडगळ म्हणायची कोणाची हिंमत नाही. तो पुरुषाच्या हिशेबातला माल ना! माळ्यावरचं बाईचं भांडं तेवढं लगेच अडगळ. आणि रेडिओ "वेगळा विषय"! हे कंसात लिहिलंत ते बरं केलंत, मोठ्यानं म्हणायला तुम्हालाही जड गेलं असणार.

सेवाग्रामचंच म्हणता तर तिथलंच सांगते. बापूकुटीजवळ बा कुटी आहे. आश्रमातल्या पहिल्या घरात, आदिनिवासात, सगळ्यांच्या गर्दीत कस्तुरबांची अडचण व्हायची, म्हणून ती वेगळी बांधली. पोरांना घेऊन गेलात तेव्हा तिथे किती वेळ थांबलात? १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून निघाले, तेव्हा तिथल्या नाताळ प्रांतातल्या भारतीय लोकांनी त्यांना भेटी दिल्या. त्यात बांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी रात्र जागून काढली आणि सगळं लोकांच्या कामासाठी ट्रस्टकडे द्यायचं ठरवलं. मुलं पटकन तयार झाली. बा झाल्या नाहीत. सुनांना काय घालू, हार मला मिळालाय, तुमच्यासाठी रात्रंदिवस राबले ती सेवा नव्हे काय, असं त्यांनी ऐकवलं. शेवटी गांधीजींनी कशीबशी संमती मिळवली, आणि त्याचा आपल्याला कधी पस्तावा झाला नाही असंही लिहिलं. पण बांचं म्हणणं त्यांनी आत्मचरित्रात सविस्तर मांडलं. मला विचाराल तर त्या भांडणात बाच खऱ्या होत्या, आणि ते आज कळतं, कारण गांधीजींनी त्यांचे शब्द खोडले नाहीत. तुम्ही वहिनींना अर्धी ओळ दिलीत. संमती तर विचारलीच नाही.

आणखी एक, कोरडं पण कामाचं. लग्नात बाईला मिळालेलं स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं, नवऱ्याकडे ते फार तर सांभाळायला, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा ती बांबूची मांडणी कोणाच्या पैशांतून आली ते तुम्हीच ठरवा.

आदर्श हवा म्हणता, तर आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा आहेतच. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. कमी ठेवलं ते स्वतःपुरतं, लोकांचं भांडं नाही काढून घेतलं. यापेक्षा जास्त स्फूर्ती लागत असेल तर माझ्याकडे नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं आर्वीला जा. मोडीचं पितळ दुकानात साचलं की वितळवायला पुढे जातं, म्हणून रविवारची वाट पाहू नका. गंज असेल तर दुकानदार म्हणेल त्या भावानं घ्या. घासाघीस नको, आणि पैसे तुमच्या पगारातून, घरखर्चातून नाही. घरी आणून वहिनींसमोर ठेवा. भाषण करू नका, सेवाग्रामचं नाव काढू नका. गंज गेला असेल, तर तसं सरळ सांगा, भांड्यांचे जेवढे पैसे आले होते तेवढे त्यांच्या हातात द्या आणि त्याचं काय करतात ते विचारू नका. दोन महिन्यांनी एखादी नथ दिसली तरी नाही.

मोटारसायकलवर तो गंज नीट बसणार नाही, म्हणून एसटी म्हटलं. कंडक्टर कुरकुर करेल. लगेजचं तिकीट काढा.