कागद किनाऱ्यावर ठेवून जा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. लग्नाला तीन महिने झालेत, साइन ऑनला, म्हणजे जहाजावर रुजू व्हायला, बारा दिवस उरलेत आणि तू विचारतोस, "सगळीकडे नॉमिनी बाबा आहेत, तिथे हिचं नाव घातलं की झालं ना?" नाही, एवढ्याने होत नाही. आणि त्याखाली लिहिलंयस, "इच्छापत्र आत्ता केलं तर आईला अपशकुन वाटेल." अरे, तू फोर्थ इंजिनियर आहेस. चालू जनरेटर बंद पडला तर स्टँडबाय आपोआप सुरू व्हायला हवा, हे तुला सांगावं लागत नाही. मग घराचा स्टँडबाय कुठे आहे? सगळे पासवर्ड, सगळे ओटीपी, सगळ्या सह्या तुझ्या खिशात आणि तू अटलांटिकमध्ये. म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: कागद किनाऱ्यावर ठेवून जा.

आधी नॉमिनी. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण मालक होत नाही. ते त्याला वारसांना द्यावे लागतात. शेअरच्या बाबतीतही हेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. विम्याचं गणित मात्र वेगळं. २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल, तर रक्कम त्याचीच होते. म्हणजे आज तुझ्या एफडीचे पैसे बाबांना वाटून द्यावे लागतील आणि टर्म पॉलिसीचे त्यांचेच राहतील. तुझ्या मनात हे असं होतं का?

इच्छापत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे तुझ्या स्वतःच्या मिळकतीचे आज दोनच वारस आहेत, आई आणि बायको, निम्मं निम्मं. आई असेपर्यंत बाबांना काहीही मिळत नाही. ते दुसऱ्या वर्गातले वारस. आई-बाबा राहतात तो रत्नागिरीतला फ्लॅट तुझ्या नावावर आहे, कर्जही तुझंच. तेव्हा बायकोला काय, आईला काय, बाबांना काय, हे तुलाच लिहून ठेवायला हवं.

लिहायचं कसं? साधा कागद चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. पण दुय्यम निबंधकाकडे जायला तुला एक सकाळ मिळत असेल तर नोंदणी करच. नाव, वय, पत्ता, तारीख, आधीची इच्छापत्रं रद्द, काय कुणाला, व्यवस्थापक (इच्छापत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा) कोण. शेवटी एक ओळ न विसरता घाल: "यात न लिहिलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मिळकत अमुक व्यक्तीला." दर कॉन्ट्रॅक्टनंतर तुझी बचत वाढते, आणि ही ओळ नसली तर नवीन एफडी इच्छापत्राबाहेर राहते. प्रत्येक पानावर सही कर. खाली दोन साक्षीदार, दोघांनी तुला सही करताना पाहिलेलं हवं आणि तुझ्यासमोर त्यांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नकोस. बॅचमेटलाही करू नकोस! तो जिवाभावाचा असेल, पण कोर्ट बोलावेल तेव्हा तो सिंगापूरला असेल. साक्षीदार आणि व्यवस्थापक दोघंही जमिनीवर राहणारे हवेत.

"जहाजावरून मेल करतो" हे मनातून काढ. इच्छापत्राला डिजिटल सही चालत नाही, व्हॉट्सॲपवरचा मजकूर चालत नाही. समुद्रावर असलेल्या खलाशाला तोंडी इच्छापत्राची सवलत आहे, असं मेसमध्ये कुणीतरी हमखास सांगतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ती आहे खरी, पण हिंदूंच्या इच्छापत्रांना ती कलमं लागू नाहीत.

आता मरणापेक्षा अवघड गोष्ट, आणि तिचाच विचार कुणी करत नाही. समजा तू डर्बनच्या आयसीयूत बेशुद्ध आहेस. तुझा पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात. त्या खात्यात बायकोला जोडता येतं, पण 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' (आधी पहिला खातेदार, त्याच्यामागे दुसरा) अशाच पद्धतीने. तू हयात असताना ती ते खातं फक्त तुझी मुखत्यार म्हणून चालवू शकते. आणि मुखत्यारपत्र? ते माणूस गेला की संपतंच, पण त्याचं भान हरपलं तरी संपतं. ज्या दिवशी सर्वात जास्त गरज, त्याच दिवशी तो कागद निकामी. मग घरच्यांना पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि इकडे हप्ता थकतो.

म्हणून एनआरई खात्यावर घर चालवू नकोस. अलॉटमेंटचा, म्हणजे पगारातून घरी पाठवायच्या रकमेचा, एक भाग थेट बायकोच्या आणि एक आईच्या, त्यांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ दे. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. निघण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते तिथे जमा कर. मुखत्यारपत्र तरीही कर, बारीकसारीक कामांना ते लागतंच, पण इथेच करून जा. परदेशातून करायचं तर आधी वकिलातीत सही प्रमाणित करून घ्यायची, मग कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावायचा. बंदरात उतरायला मिळणाऱ्या सहा तासांच्या शोअर लीव्हमध्ये हे होणार आहे का?

सिमचंही तसंच. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही आणि त्यात २० रुपयेही नसले, तर बंद होतं. पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. बँकेला दिलेला नंबर घरी एका साध्या फोनमध्ये चालू ठेव, रिचार्जची तारीख बायकोला लिहून दे.

विवाह नोंदणीचा दाखला काढलास का? तो नसेल तर ती तुझी बायको आहे हेच आधी सिद्ध करावं लागेल. तिचा पासपोर्टही काढ, तुझ्याजवळ पोहोचायला कुणीतरी हवं. तुला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीच्या फॉर्मवर 'नेक्स्ट ऑफ किन' (जवळचा नातेवाईक) म्हणून अजून बाबाच असतील, ते आज ठरवून बदल. परदेशात मृत्यू झाला तर देह आणायला किंवा तिथेच अंत्यसंस्कार करायला त्या माणसाचं नोटरीकृत संमतीपत्र लागतं. त्यावर सून आणि सासरे यांच्यात मतभेद झाले की दिवस वाया जातात. देह मिळालाच नाही तर सर्वसाधारणपणे सात वर्षं बेपत्ता राहिल्यावर कायदा मृत्यू गृहीत धरतो. सात वर्षं, बाळा. तेवढा काळ घर कशावर चालेल ते लिहून ठेव.

एक फाइल कर: जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), एजन्सीचा रात्रीही उचलला जाणारा फोन, कॉन्ट्रॅक्टची प्रत, पासपोर्ट आणि सीडीसीच्या (खलाशाच्या नोंदपुस्तिकेच्या) प्रती, पॉलिसी, कर्जाचा खाते क्रमांक. मूळ इच्छापत्र फक्त तुझ्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नकोस. लॉकर उघडायला कागद लागतात आणि कागद लॉकरमध्ये, असं होतं. ते व्यवस्थापकाकडे दे.

तुला मी रागावतोय असं वाटेल. इतकी वर्षं मीच पोरांना म्हणत आलो, "एक कॉन्ट्रॅक्ट करून ये, मग सावकाश बघू." ते चुकलं. धीर देण्यासाठी म्हणायचो, हे खरं, पण चुकलं. म्हणून आता कुणाला वाईट वाटेल याचा विचार करत नाही. आईशी आज रात्रीच बोल, तिला सगळं वाचून दाखव. बायकोही शेजारी असू दे. कुणाला काय याबद्दल त्यांच्यात काही बोलणं व्हायचं असेल तर ते तुझ्यासमोर होऊ दे.

सोमवारी बँक आणि विमा, मंगळवारी एजन्सी, बुधवारी इच्छापत्राचा कच्चा मसुदा. गुरुवारी सह्या. साक्षीदार कमी पडला तर मला बोलाव. मी रत्नागिरीतच असतो, कुठे जात नाही.