‘काही आढळले नाही’ असे लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डेक्कन कॉलेजातून अमेरिकेत आल्यावर चार-पाच वर्षांतच, बांधकामापूर्वी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी करणाऱ्या सल्लागार कंपनीने तुला वरिष्ठ पुरातत्त्वज्ञाचे पद देऊ केले, याचा मनापासून आनंद झाला. त्या पदासाठी आणखी काय शिकावे, असे तू विचारले आहेस. अंदाजपत्रक, नकाशांचे सॉफ्टवेअर, निविदेची भाषा हे सगळे तू वर्षभरात शिकशील. पात्रतेच्या अटीही तू पूर्ण केल्या आहेस: पदव्युत्तर पदवी, वर्षभराचा पूर्णवेळ अनुभव आणि उत्तर अमेरिकी पुरातत्त्वातील किमान चार महिन्यांचे देखरेखीखालील काम. मला लिहायचे आहे ते सहीविषयी, कारण आजवर तू खड्डे खणलेस आणि यापुढे त्या खड्ड्यांवरून काढलेल्या निष्कर्षाखाली तुझे नाव असणार आहे.

अमेरिकेच्या ज्या १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्यावर आपले पोट चालते, त्याचे कलम १०६ कोणतीही वास्तू किंवा स्थळ पाडण्यास बंदी घालत नाही. ज्या कामाला संघीय सरकारचा पैसा किंवा परवाना लागतो, त्या कामाचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल याचा विचार आधी झाला पाहिजे, एवढेच ते सांगते. हा विचार करायचा असतो संबंधित सरकारी खात्याने, राज्याच्या वारसा जतन अधिकाऱ्याशी आणि संबंधित आदिवासी जमातींशी सल्लामसलत करून. पण विचाराला आधार असतो आपल्या अहवालाचा. आपण ‘येथे काही आढळले नाही’ असे लिहिले, की बहुतेक वेळा पुढे कोणी प्रश्न विचारत नाही आणि महिनाभरात यंत्रे कामाला लागतात. उत्खननाच्या जाड अहवालांवर विद्वानांची नजर तरी पडते. या नकारार्थी अहवालांना मात्र दुसरा वाचक क्वचितच मिळतो.

एकदा कागद घेऊन बस आणि हा हिशेब मांड. पूर्वेकडील राज्यांत दर ३० मीटरवर एक चाचणी-खड्डा घेण्याची पद्धत सर्रास आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचा खड्डा घेतला, तर ९०० चौरस मीटर जमिनीपैकी आपण जेमतेम ०.०७ चौरस मीटर पाहतो, म्हणजे सुमारे बारा-तेरा हजारांतला एक भाग. खणलेली माती चाळताना पाव इंची चाळणीतून जे लहान तुकडे निसटून जातात, ते वेगळेच. पद्धत चुकीची नाही. एवढ्या मोठ्या क्षेत्रात दुसरे काय करणार? परंतु तिच्यातून निघणारे विधान तेवढ्याच मापाचे असले पाहिजे. ‘इतक्या अंतरावर, इतक्या खोलीपर्यंत घेतलेल्या खड्ड्यांत काही आढळले नाही’ हे विधान खरे असते. ‘येथे काही नाही’ असे म्हणण्याएवढे आपण पाहिलेलेच नसते.

हा फरक मला महागात पडून कळला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या रस्त्याचे सर्वेक्षण माझ्याकडे होते. माणसे कमी आणि दिवस मोजके होते. सगळे खड्डे ऐंशी सेंटिमीटरपर्यंत गेले, सगळ्यांत एकसारखी तपकिरी गाळमाती लागली आणि मी समाधानाने सही केली. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी चढावरची जंगले तोडून नांगर घातल्यावर वाहून आलेला एकोणिसाव्या शतकातला गाळ या काठांवर थरावर थर साचला आहे, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. तरीही त्या गाळाखालची जुनी जमीन आपल्या फावड्याला लागलेलीच नाही, हे खड्ड्यात वाकून पाहताना माझ्या ध्यानात आले नाही. पुढे काम सुरू झाल्यावर यंत्राच्या दातांना दोन मीटर खोलीवर कोळसा, भाजलेली माती आणि उष्णतेने तडकलेले दगड लागले. निम्मी चूल तोवर गेली होती. नियमाप्रमाणे खोली गाठली होती, असे म्हणून कंपनीने मला दोष दिला नाही. मला मात्र तो नियम आठवला की अजून ओशाळल्यासारखे होते. म्हणून पूरमैदानावर काम असेल तर आधी मृदा-भूशास्त्रज्ञाला विचार, गिरमिटाने खोलवरची माती काढून बघ, गरज असेल तेथे यंत्राने चर घ्यायला लाव आणि त्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धर, कारण नंतर तो कोणी देत नाही. पाच फुटांहून खोल चरात आधाराशिवाय कोणालाही उतरू देऊ नकोस, मग ग्राहक कितीही घाई करो.

माझी चूक लहान होती. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेजवळ संघीय कार्यालयाची इमारत उभी राहत असताना १९९१ मध्ये जे घडले, ते आपल्या व्यवसायात प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. तेथे आफ्रिकी लोकांची दफनभूमी असल्याचे जुन्या नकाशांवरून आधीच ठाऊक होते. बांधकामापूर्वीच्या अभ्यासाने ते नोंदवलेही होते. मात्र नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी ती बहुतांश नष्ट केली असावी, असे त्यात गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात तो भाग मुळात सखल होता आणि वीसेक फूट भरावाखाली कबरी सुरक्षित राहिल्या होत्या. ४१९ व्यक्तींचे अवशेष बाहेर काढले गेले. कृष्णवर्णीय समाजाच्या तीव्र विरोधानंतर १९९२ मध्ये उत्खनन थांबले, हॉवर्ड विद्यापीठात अभ्यास झाला, २००३ च्या ऑक्टोबरमध्ये सन्मानाने पुनर्दफन झाले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. त्या अभ्यासाचा कागदोपत्री भाग चांगलाच होता. जुन्या जमिनीचा चढउतार आणि तळघरांची खोली एकमेकांवर ठेवून पाहिली असती, तर ‘नष्ट झाले असावे’ हे शब्द इतक्या सहज उमटले नसते, असे मला वाटते.

इनामगावविषयी तुला मी सांगायला नको. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम खणत राहण्याची सवलत त्या पिढीला होती. आपल्याला तीन दिवस मिळतात. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली मुले आपण अभ्यासाचे साधन म्हणून शिकलो, आणि त्यांचे कोणी नातेवाईक विचारायला येतील असे वर्गात कोणाच्या मनातही आले नाही. येथे ते येतात. मूळ अमेरिकी आदिवासींच्या कबरींचे संरक्षण आणि अवशेष परत करणे याविषयीच्या १९९० च्या कायद्याने संघीय आणि आदिवासी जमिनीवर सापडणाऱ्या अस्थींवर वंशजांचा व संबंधित जमातींचा हक्क मान्य केला आहे, आणि २०२४ पासूनच्या सुधारित नियमांनुसार संग्रहालयांना व सरकारी खात्यांना संशोधनापूर्वीही त्यांची संमती घ्यावी लागते. हाड दिसले की हात थांबव, जागा झाक आणि कळव. फोटो मात्र कोणाला पाठवू नकोस. आणखी एक: जमातींशी सल्लामसलत ही त्यांच्या व केंद्राच्या सरकारांमधली बाब आहे; तू एका प्रतिनिधीशी फोनवर बोललीस म्हणजे ती पार पडली, असे अहवालात कधीही लिहू नकोस.

राहिला ग्राहकाचा प्रश्न. पैसे तो देतो, म्हणून मसुदा वाचून तो ‘ही ओळ जरा सौम्य करता येईल का’ असे विचारणारच, आणि दर वेळी त्यात कपट असते असेही नाही. शब्द खुशाल बदल. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत येण्याच्या स्थळाच्या पात्रतेविषयीचे तुझे मत मात्र नवा पुरावा पुढे आल्याशिवाय बदलू नकोस, आणि बदललेस तर तो पुरावा कोणता हे त्याच पानावर लिही. तुझ्या हाताखालच्या बावीस वर्षांच्या मुलाने खड्ड्यातून वर पाहून ‘ही माती मला बरोबर वाटत नाही’ असे म्हटले, तर वेळापत्रक बाजूला ठेवून स्वतः खाली उतर. त्या नदीकाठी असे एकाने म्हटले होते.

पहिल्या अहवालाचा मसुदा मला पाठव. सोबत खड्ड्यांच्या मूळ नोंदी, मातीच्या रंगांसकट, जोड. मी त्या आधी वाचेन आणि निष्कर्ष नंतर.

तुझा शुभचिंतक