काट्यावरून येणारी ओळ वाचायला जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये स्वतःचा पार्सर लिहावा का, आणि कसा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: उसाच्या वजनकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारं यंत्र) आणि त्याला जोडलेला नेटवर्कचा डबा मिळून प्रत्येक खेपेची एक ओळ तुमच्या एपीआयवर पोस्ट करतात. हा एपीआय जँगो रेस्ट फ्रेमवर्क या पायथनच्या साधनाने बांधलेला. रकाने उभ्या दांडीने तोडलेले. तुम्ही 'टेक्स्ट/प्लेन'साठी, म्हणजे साध्या मजकुरासाठी, पार्सर (आलेल्या बाइटचा वापरता येईल असा डेटा करणारा कोड) लिहिला, लॅपटॉपवर तो चालला, पण सर्व्हरवर चढवल्यावर ४१५ (या प्रकारचा मजकूर चालत नाही, असं सांगणारा एरर) यायला लागला. मग पार्सरच्या भानगडीत न पडता सरळ व्ह्यूमध्येच (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) बॉडी, म्हणजे आलेला मजकूर, वाचून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

पार्सरच लिहा. मी सोलापुरात याच कामात आहे. गळीत सुरू झालं की काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागते, आणि तिथे तुमच्या कोडने घातलेला घोळ थेट शेतकऱ्याच्या पावतीवर उमटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ४१५. त्या उत्तरातला मजकूर नीट बघा. 'अनसपोर्टेड मीडिया टाइप' याच्यापुढच्या अवतरणचिन्हांत काहीच नसेल, तर डबा मजकुराचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हेडर पाठवतच नाही. मग लॅपटॉपवर कसं चाललं? जँगोचा रनसर्व्हर, म्हणजे लॅपटॉपवर चाचणीला वापरतात तो सर्व्हर, पायथनच्या डब्ल्यूएसजीआयरेफ या लायब्ररीवर उभा आहे, आणि हेडर आला नाही तर तो स्वतःहून 'टेक्स्ट/प्लेन' धरून चालतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर वापरतात तो गनिकॉर्न असं काही करत नाही. रेस्ट फ्रेमवर्क रिकामा प्रकार घेऊन तुमच्या पार्सरांच्या यादीत जुळणारा शोधतं, कोणीच जुळत नाही, आणि ४१५ देतं. तुमच्या पार्सरची यात काहीही चूक नाही.

डब्याच्या सेटिंगमध्ये हेडर घालायची सोय असेल तर पहिलं ते करा, बाकी सगळं सोपं होतं. नसेल, तर पार्सरचा मीडिया_टाइप '*/*' ठेवा, तो रिकाम्या हेडरलाही जुळतो. मात्र असा पार्सर फक्त त्या एका व्ह्यूच्या पार्सर_क्लासेसमध्ये द्या. सेटिंग्जमधल्या सर्वसाधारण यादीत चुकूनही टाकू नका. फ्रेमवर्क यादीतला पहिला जुळणारा पार्सर उचलतं. तुमचा वरच्या क्रमांकावर गेला तर जेसनही तोच गिळेल, आणि खाली ठेवला तरी जिथे ४१५ यायलाच हवा होता तिथे तो मध्ये पडेल.

पार्सर लिहिणं तसं छोटं काम आहे. बेसपार्सरवरून क्लास काढायचा, मीडिया_टाइप द्यायचा आणि पार्स ही मेथड लिहायची. तिला स्ट्रीम (येणाऱ्या बाइटचा प्रवाह), मीडिया टाइप आणि पार्सर_कॉन्टेक्स्ट मिळतात. ती जे परत देते ते रिक्वेस्ट.डेटा होतं. पण पार्सरने किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे आधी ठरवा. माझं मत ठाम आहे: बाइटचे रकाने करणं एवढंच त्याचं काम. खेप नोंदलेली आहे का, वाहन त्या वाहतूकदाराचं आहे का, वजन शक्य कोटीतलं आहे का, हे सगळं सिरीयलायझरचं, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये डेटा तपासणाऱ्या भागाचं. ही शिस्त पाळली की काटा बंद पडून क्लार्कने वेब फॉर्ममधून जेसनने खेप भरली, तरी तोच सिरीयलायझर, तेच नियम लागतात. व्ह्यूमध्ये बॉडी फोडत बसलात तर पहिल्याच हंगामात दोन वेगळे रस्ते तयार होतात आणि दोघांचे नियम वेगवेगळे होत जातात.

आता ओळीकडे या. समजा रकाने असे आहेत: खेप क्रमांक, वाहन क्रमांक, वेळ, रिकामं वजन, भरलेलं वजन. ट्रॅक्टर पहिल्यांदा काट्यावर येतो तेव्हा तो भरलेला असतो. गव्हाणीत ऊस उतरवून परत आला की रिकामं वजन होतं. म्हणजे पहिल्या ओळीत रिकाम्या वजनाचा रकाना मोकळाच येणार. बैलगाडी आली तर वाहन क्रमांकाचा रकानाही मोकळा. दोन दांड्या एकमेकींना चिकटून येतात, आणि पार्सर नेमका इथे घसरतो. मोकळे रकाने गाळून टाकले तर पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि वेळ वाहन क्रमांकाच्या जागी जाऊन बसते. मोकळ्याचं शून्य केलंत तर त्याहून वाईट: रिकामं वजन शून्य म्हणजे ट्रॉलीसकट सगळा बोजा ऊस म्हणून नोंदला जाणार. मोकळा रकाना नन (None, पायथनमधलं 'काहीच नाही') म्हणूनच पुढे पाठवा आणि सिरीयलायझरच्या त्या फील्डला तो चालेल असं सांगा. रकाने मोजा, पाचच्या जागी चार किंवा सहा आले तर ओळ नाकारा.

वजनाचं फ्लोट, म्हणजे अंदाजी दशांश आकडा, करू नका. पार्सरमधून ते मजकूर म्हणूनच जाऊ दे, पुढे डेसिमलफील्ड सांभाळेल.

भरलेलं वजन ओळीच्या शेवटी आहे हे मुद्दाम लिहिलं. डबा आणि इंडिकेटर यांच्यामधली सिरीयल वायर हलली तर ओळ मध्येच तुटते, आणि १८४५० चे १८४५ होऊन येतात. रकाने पाचच, आकडे शुद्ध, डिकोडिंगला अडचण नाही. पार्सर खुशाल पास करतो. म्हणून ओळ पूर्ण आली याचा पुरावा ओळीतच हवा. बरेच इंडिकेटर ओळीच्या आधी आणि नंतर एसटीएक्स आणि ईटीएक्स ही नियंत्रण अक्षरं, म्हणजे २ आणि ३ क्रमांकाचे बाइट, पाठवतात. तुमचा पाठवत असेल तर डबा ती गाळत तर नाही ना ते बघा, आणि शेवटचा बाइट ३ नसेल तर पार्सरने ओळ घेऊ नये. चेकसम (ओळ बिघडली का ते पडताळायचा आकडा) मिळत असेल तर फारच उत्तम. सगळ्यात आधी 'स्ट्रिप' मारून ओळ स्वच्छ करायची सवय असते, ती इथे बाजूला ठेवा. आधी शेवट तपासायचा, मग साफसफाई.

डिकोड करताना, म्हणजे बाइटची अक्षरं करताना, एन्कोडिंग पार्सर_कॉन्टेक्स्टमधून घ्या. न समजलेले बाइट गाळणारा 'इग्नोर' किंवा त्यांच्या जागी दुसरं चिन्ह घालणारा 'रिप्लेस' वापरू नका. वजनातला एक बिघडलेला बाइट गुपचूप गाळला गेला की वरचाच प्रकार पुन्हा घडतो.

ओळ नाकारायची तर रेस्ट फ्रेमवर्कचा पार्सएरर द्या, म्हणजे ४०० (पाठवलेलंच चुकीचं आहे) जाईल. पायथनचा व्हॅल्यूएरर किंवा युनिकोडडिकोडएरर तसाच बाहेर पडला तर ५०० (सर्व्हरच बिघडला) जातो. ५०० मिळाला की तीच ओळ पुन्हा पुन्हा पाठवत राहणारा डबा असेल, तर एका खराब ओळीमागे चांगल्या खेपा अडकतात. उलट, ४०० मिळाल्यावर डबा ओळ टाकून देतो का, तेही त्याच्या पुस्तिकेत बघा. टाकून देत असेल तर नाकारलेल्या खेपेची खबर काट्यावरच्या क्लार्कला लगेच दिसली पाहिजे, कारण ट्रॅक्टर काट्यावरून उतरला की ते वजन पुन्हा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जँगोची अडीच एमबीची अपलोड मर्यादा रिक्वेस्टची बॉडी वाचताना तपासली जाते. पार्सरमध्ये स्ट्रीम थेट वाचलात की ती लागू होत नाही. काट्याची ओळ शंभर-दोनशे बाइटची, तेव्हा ४०९७ बाइट मागा आणि ४०९६ पेक्षा जास्त आले तर नाकारा.

मूळ बाइट जसेच्या तसे जपून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती. वजनावरून वाद झाला की काट्याने नेमकं काय पाठवलं हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी क्रम महत्त्वाचा: आधी रिक्वेस्टची बॉडी वाचा, मग रिक्वेस्ट.डेटाला हात लावा. पार्सर रिक्वेस्ट.डेटा मागितल्यावरच चालतो, आणि बॉडी आधी वाचलेली असली तर फ्रेमवर्क त्याच बाइटचा नवा स्ट्रीम करून पार्सरला देतं. उलट क्रमाने गेलात तर स्ट्रीम संपलेला असतो आणि बॉडी मागताच एरर येतो. बॉडी आधी वाचली की अडीच एमबीची मर्यादाही आपोआप लागू होते, पण ४०९६ ची तपासणी तरी राहू द्या.

तपासताना कर्ल (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) वापरत असाल तर साधा 'डॅश डी' नको. तो स्वतःचा फॉर्मवाला कंटेंट-टाइप लावतो आणि फाइलमधून ओळ दिली तर ओळीअखेरची चिन्हं काढून टाकतो. 'डेटा-बायनरी' हा पर्याय घ्या, आणि हेडरच्या पर्यायात कंटेंट-टाइपपुढे फक्त अपूर्णविराम देऊन तो हेडर काढून टाका. हे रनसर्व्हरवर नको, लॅपटॉपवर गनिकॉर्न लावून करा. तुमचा ४१५ तिथेच समोर येईल. मग मुद्दाम अर्धी तोडलेली ओळ, मोकळ्या रिकाम्या वजनाची ओळ आणि बैलगाडीची ओळ पाठवा. पहिलीला ४०० आणि उरलेल्या दोन्हींना बरोबर नोंद मिळाली, तर काट्यावर लावायला हरकत नाही.