छापा-काटा : नाण्यावर काटा कुठे?

प्रश्न असा आहे : ‘छापा की काटा’ म्हणताना काटा नेमका कोणत्या बाजूला? आणि नाण्यावर काटा दिसत तर नाही, मग हा शब्द आला कुठून?

पहिलं उत्तर सोपं. सिंहमुद्रेची बाजू छापा, किंमत लिहिलेली बाजू काटा. ‘छाप’ म्हणजे शिक्का, ठसा. व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा तो ‘राणीछाप रुपया’, ही छाप तीच. गल्लीत मात्र ‘आकडा छापलाय म्हणून तो छापा’ असा वाद घालणारा एक तरी भेटतोच. आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता, नाणं उडवण्याआधी दोन्ही बाजू सगळ्यांना दाखवून घ्यायच्या.

काट्याची गोष्ट जास्त मजेची. काटा म्हटलं की बाभळीचा आठवतो, घड्याळाचा आठवतो, पण बाजारात काटा म्हणजे तराजू. सराफाचा काटा, वजनकाटा, आणि ऊसवाल्यांच्या तोंडी असलेली ‘काटामारी’. आता मुंबई इलाख्यात चालणारी ईस्ट इंडिया कंपनीची तांब्याची नाणी बघा. १८०४ सालच्या पैशावर एका बाजूला कंपनीचं मानचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला चक्क तराजू! दोन पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय (‘आदिल’ याच कुळातला). असं नाणं हातात घेतलं की एकीकडे छापा, दुसरीकडे काटा, वेगळं समजावून सांगायला नकोच. माझा कल या व्युत्पत्तीकडे आहे. नाण्यावरचा तराजू गेला, तोंडातला काटा राहिला.

वापराबद्दल थोडं. पोरं ‘छापा-काटा करू’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘नाणेफेक’ लिहितात. नाणेफेक स्त्रीलिंगी, म्हणून ‘नाणेफेक जिंकली’. ‘नाणेफेकीचा कौल’ हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कोकणातल्या देवळात देवाला लावलेल्या कौलाची आठवण आहे. हिंदीतलं ‘चित-पट’ (म्हणजे छापा-काटाच) मराठीत आलं ते थेट आखाड्यात, आणि तिथे दोन्ही बाजू एक होऊन ‘चीतपट’ झालं. ‘त्याला चीतपट केलं’ म्हणताना नाणं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि नाणंच नसेल तर? कौलाची चपटी खापरी घ्यायची, एका बाजूला थुंकी लावायची, वर उडवायची आणि ओरडायचं, ‘ओली की सुकी?’