पाळणाघराची फी आईच्याच पगारातून का वजा होते?

"पाळणाघराला पैसे भरायचे, जाण्यायेण्यात घालवायचे, मग उरतं काय? त्यापेक्षा नोकरी सोडते." समुपदेशक म्हणून हे मी या वर्षात इतक्या जणींकडून ऐकलंय की समोरची मुलगी बसल्या बसल्या पर्समधून कागद काढायला लागली की मला कळतं, आता हिशोब येणार. म्हणून आज मानसीबद्दल लिहितेय (नाव, तपशील बदललेत).

मानसी आली तेव्हा बाळ 8 महिन्यांचं होतं. 26 आठवड्यांची रजा संपून ती कामावर परतलेली, आणि रोज सकाळी पाळणाघराच्या दारात बाळाबरोबर तीही रडायची. कागदावर लिहिलेलं: पगार 38 हजार. पाळणाघर 11, रिक्षा 4, संध्याकाळी उशीर झाला की जादा ते धरून 2. खाली उरलेले 21, आणि त्याभोवती पेनने दोनदा गोल.

"एवढ्यासाठी बाळाला टाकून जायचं का मॅडम?"

टाकून हा शब्द तिचा होता. मी त्यावर वाद घातला नाही. भावना खोडून काढायच्या नसतात, त्या भावनेच्या पाठीमागे एक वाक्य दबून बसलेलं असतं ते शोधायचं असतं, असं मी गेली 21 वर्षं मानत आलेय. मानसीचं वाक्य सापडायला तीन सेशन लागले.

तिसऱ्या वेळी मी सहज विचारलं, तुमच्या ऑफिसमध्ये पाळणाघर नाही का गं?

"नाही. निखिल, माझा नवरा, म्हणाला तुमच्याकडे बायका आहेतच किती, बारा. एवढ्याशांसाठी कोण करणार."

"तुम्ही सगळे मिळून किती?"

"ऐंशी-पंचाऐंशी असू."

मग मी तिला कायदा स्वतः वाचून यायला सांगितलं. माहिती मी पण देऊ शकले असते, पण स्वतः शोधलेली गोष्ट माणूस सोडत नाही. पुढच्या आठवड्यात ती आली तीच मुळात वेगळी चालत आली. "मॅडम, बायका नाही मोजायच्या! सगळे मोजायचे!"

हे खरंच फार जणांना माहीत नसतं. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर असा नियम होता, तोच लोकांच्या डोक्यात बसलाय. पण 2017 ला प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी, पुरुष धरून, असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. स्वतःचं नको तर जवळपासचं सामाईक चालतं. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाता येतं. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.

ती भराभर सांगत होती आणि मला एकदम सुचलं, खरंतर तिनेच दार उघडलं होतं.

"मग घरी मोजताना तू एकटीलाच का मोजलंस?"

"म्हणजे?"

"17 हजार तुझ्याच पगारातून वजा केलेस. निखिलच्या पगारातून बाळाचे किती वजा होतात?"

बराच वेळ ती गप्प होती. मी पण गप्प बसले, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं वाया जातं. मग ती हळूच म्हणाली, "त्याची नोकरी ही नोकरी आहे. माझी नोकरी म्हणजे माझी हौस, तिचा खर्च मीच भागवायला पाहिजे ना."

सापडलं वाक्य. आणि त्या 'मीच' मधला 'च' तिने स्वतःच ऐकला, मला दाखवावा नाही लागला. डोळे पुसले, कागद उलटा केला आणि लिहिलं: 38 + 62 = 1 लाख. त्यातून 17. रक्कम तीच होती, पण बाळ आता दोघांच्या खात्यात आलं होतं. 'टाकून' हा शब्द त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकला नाही.

पुढच्या सेशनला निखिल आला. चांगला मुलगा आहे, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आता फी त्याच्या खात्यातून जाते.

तुमच्या हातात असाच कागद असेल तर आधी वरची ओळ बदला, दोघांचा पगार लिहा. मग नेमणूकपत्र काढून बघा, कारण कामावर घेतानाच बाईला या सवलती लेखी कळवाव्या असं 2017 च्या दुरुस्तीने सांगितलं होतं. एचआरला तोंडी विनवण्या नको, मेल करा, साध्या भाषेत, तरतुदीचा उल्लेख करून. उपकार मागतोय असा सूर नको. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजा पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस असते, ती घ्यायला लाजू नका. आणि धुणीभांडी, शेतमजुरी करणाऱ्या आयांसाठी मिशन शक्तीमधली 'पाळणा' योजना आहे, 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी, काही ठिकाणी अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर असतं. घरी कामाला येणाऱ्या ताईंना अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करायला जरूर सांगा.

मानसीच्या कंपनीचं उत्तर अजून यायचंय. पण तिने पाठवलेला मेल मला दाखवला, खाली तीन नावं होती, तिचं, अकाउंट्समधल्या एकीचं, आणि तिसरं एका दीड वर्षाच्या मुलीच्या बाबाचं.