बाल कल्याण समितीने मुलाचा ताबा कायमचा काढून घेतला तर आईला अपील करता येतं का? (ठाणे)

ताई, करता येतं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५, कलम १०१. समितीच्या आदेशापासून ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाकडे अपील. तुम्ही कळव्याच्या, तेव्हा तुमचं न्यायालय कोर्ट नाक्यावरचं. महिना उलटून गेलाय असं तुम्ही लिहिलंय, तरी हातपाय गाळू नका. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडता येतो आणि उशिराचं कारण पटलं तर न्यायालय अपील दाखल करून घेतं. आदेशाची प्रत उशिरा मिळाली, कोणी वाचून दाखवली नाही, रजा मिळाली नाही, यातलं जे खरं घडलं तेवढंच तारखांसकट लिहा. दाखल झालेलं अपील ३० दिवसांत निकाली काढावं असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, त्याची तयारी ठेवा.

आणखी काही लिहिण्याआधी एक काम सांगते. प्रश्नासोबत मुलाचं नाव आणि गणवेशातला फोटो टाकलाय, तो आत्ताच्या आत्ता काढा. काळजी व संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्यावर कोणी गुन्हा नोंदवायला धावणार नाही, पण समितीसमोर कोणी त्याचा प्रिंटआउट ठेवला तर ‘आईला मुलाच्या हिताची जाण नाही’ एवढं वाक्य लिहायला तो पुरतो.

मी वकील नाही. या जिल्ह्यात मुलांच्या घरी जाऊन गृहचौकशी अहवाल लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तुमचा मुलगा ज्या कागदाच्या आधारावर तिकडे आहे, तसले कागद मी लिहिलेत.

फोटो काढताना प्रश्नही पुसला गेला तर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची हकीकत दोन ओळींत: नवरा दारू पिऊन पाच वर्षांच्या मुलाला मारायचा. शेजारच्या बाईंनी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन केला. मुलगा समितीपुढे नेला गेला आणि तेव्हापासून संस्थेत आहे. तुम्ही वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जाता. मध्यंतरी एका कागदावर तुमची सही घेतली गेली, आणि आता संस्थेतले एक जण म्हणतात, ‘झालं, आता कायमचंच’. ओळखीचे वकील म्हणतात फॅमिली कोर्टात जा.

‘कायमचंच’ हा त्या माणसाचा शब्द आहे. कायद्यात समितीचे आदेश वेगवेगळे असतात आणि त्यातला तुमच्या हातात कोणता, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे असं ठरवून संस्थेत ठेवण्याचा आदेश असेल, तर तो बदलू शकतो. समितीला अर्ज देऊन कलम १०४ खाली तिचाच आदेश दुरुस्त करून मागता येतो, नाहीतर अपील आहेच. खरी भीती दुसऱ्या आदेशाची: मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्याचा, कलम ३८ चा. त्यावर समितीच्या तीन सदस्यांच्या सह्या लागतात. त्यानंतर मुलाची नोंद दत्तक इच्छुकांपुढे जाते, आणि एकदा दत्तकाचा आदेश झाला की कलम ६३ प्रमाणे जन्मदात्या घराशी नातं कायद्याने संपतं. ‘कायमचं’ म्हणायचं ते याला.

आता ती सही. कलम ३५ खाली आई-बाप मूल समितीकडे स्वाधीन करू शकतात, त्याचा रीतसर दस्त होतो आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. तुम्ही सही केलेला कागद तोच आहे का, हे आधी शोधा. दस्त समितीसमोर व्हायला हवा, त्याआधी चौकशी आणि समुपदेशन व्हायला हवं. संस्थेच्या ऑफिसात ‘इथे करा सही’ म्हणून घेतलेला कागद हा दस्त नव्हे, आणि ते अपिलात स्पष्ट मांडा. दोन महिने संपले नसतील तर अपिलाचीही वाट बघू नका. ‘मला मूल परत हवं, मी सही मागे घेते’ असा अर्ज समितीला देऊन पोच घ्या. तुमचा मुलगा सहा वर्षांखालचा आहे. अनाथ, सोडून दिलेली आणि स्वाधीन केलेली या वयाची मुलं दत्तक संस्थेकडे ठेवतात, म्हणून तो साध्या बालगृहात आहे की दत्तक संस्थेच्या शिशुगृहात, यावरूनही वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं. ज्याची आई समोर उभी आहे, भेटायला येते, सही नाकारते, ते मूल ‘सोडून दिलेलं’ ठरवणं सोपं नसतं.

म्हणून पहिला अर्ज नकलेचा. आदेशाची प्रमाणित प्रत, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद), गृहचौकशी अहवाल, आणि तुमची सही असलेला प्रत्येक कागद मागा. तोंडी मागू नका. अहवाल गोपनीय म्हणून दिला नाही, तर तो नकार लेखी घ्या. अपिलात न्यायालय समितीचं सगळं दप्तर मागवतं.

यानंतरचं तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही लिहिलंय, ‘नवरा आता सुधारलाय, देवासमोर शपथ घेतलीय’. यावर अपील उभं करू नका. अहवालात बापाने मारल्याचं असेल, मुलाने समितीला स्वतः सांगितलेलं असेल, डॉक्टरांचा कागद असेल, तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारणार तो तुमच्या प्रेमाबद्दल नसेल. आज रात्री त्या घरात कोण कोण झोपतं, हा असेल. आया समितीसमोर रडतात, आणि ते खोटं नसतं. पण मी बघितलेल्या ज्या प्रकरणांत मूल घरी आलं, त्यांत रडण्याने काही झालं नव्हतं. घरात काहीतरी बदललं होतं आणि त्याचा कागद होता. व्यसनमुक्ती केंद्राचं दाखल-पत्र आणि नियमित हजेरी. आईने माहेरी किंवा दुसरीकडे भाड्याने खोली घेतल्याचा करारनामा. नाहीतर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याला मूल आणि आईपासून लांब ठेवणारा मॅजिस्ट्रेटचा आदेश. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

तुम्ही नवरा सोडा असं मी म्हणत नाही, ते सांगणारी मी कोण. ‘नवराही राहील आणि मुलगाही येईल’ ही मागणी टिकवायची असेल तर नवऱ्याच्या बाजूने शपथेपेक्षा भक्कम काहीतरी हवं, एवढंच. पूर्वी पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, दिली असेल तर तिची प्रत शोधा. बऱ्याच बायका ती लपवतात, घरचं बाहेर गेलं म्हणून. अपिलात तीच उपयोगी पडते, कारण तुम्ही मुलाला वाचवायचा प्रयत्न केला होता हे त्यातून दिसतं. नाहीतर ‘आई घरात असून गप्प राहिली’ असा अर्थ निघतो, आणि अहवाल लिहिणाऱ्यांना तो लवकर सुचतो.

अहवालांबद्दल मला थोडं अधिक बोलू द्या. गृहभेट बहुतेक कामाच्या दिवशी सकाळी अकरा-बाराला होते. त्या वेळी तुम्ही पॅकिंग लाइनवर. अहवालात येतं: घर बंद आढळले, शेजाऱ्यांकडे विचारपूस केली. मग शेजारी जे बोलेल तेच तुमचं घर. भेटायला आलेला माणूस दुष्ट नसतो. त्याच्याकडे ढिगाने प्रकरणं असतात आणि त्याच दिवशी दिवा गावालाही जायचं असतं. चौकशीला कायद्याने १५ दिवस दिलेत, त्यात अशी घाई होते. म्हणून अपिलात नव्याने गृहचौकशी करण्याची मागणी करा, आणि ती तुम्ही घरी असाल अशा दिवशी व्हावी असं लिहा. सुट्टीचा वार आणि शिफ्टची वेळ कंपनीच्या पत्रासह द्या. भेटीच्या दिवशी घर चकाचक करण्यात वेळ घालवू नका. बघणारा हे बघतो की तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ असेल, त्या व्यक्तीने ‘हो’ म्हटलंय का, अंगणवाडी किंवा शाळेत नाव आहे का, लसीकरणाचं कार्ड जपलंय का. पाळणाघराच्या बाईंचं चार ओळींचं पत्र आणि त्यांचा फोन नंबर हे रंगवलेल्या भिंतीपेक्षा जड जातं.

अपिलात मुख्य मागणीखाली एक पर्यायी मागणी जरूर घाला, वकील बहुतेक विसरतात: मुलगा माझ्याकडे देणं आज शक्य नसेल तर माझ्या आईकडे, ‘योग्य व्यक्ती’ म्हणून ठेवा. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आई शहापूरला एकट्या राहतात आणि सांभाळायला तयार आहेत. कलम ३७ मध्ये समितीला तसा आदेश देता येतो, आणि न्यायालयालाही संस्थेपेक्षा आजी बरी वाटते. आजीचं प्रतिज्ञापत्र, रेशन कार्ड, जवळच्या शाळेचं नाव जोडा. याने तुम्ही हरत नाही. मुलगा घरच्या माणसात राहतो, आणि मधल्या काळात तुमचं घर मार्गी लागतं.

पैसे कमी पडतात हे कारण आदेशात कुठे आलं असेल तर त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना हे उत्तर आहे. महिन्याला २२५० रुपये मिळतात, मूल घरीच किंवा नातेवाइकांकडे राहावं म्हणून. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. अर्ज केल्याची पोचसुद्धा अपिलाला जोडा.

कायद्यातलं तुमच्या बाजूचं बोलायचं तर वकिलाला कलम ३ आणि कलम ४० दाखवा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मूल कुटुंबात परत नेणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट, असं तिथे लिहिलेलं आहे. तुम्ही परदेशातल्या बातम्यांचा धसका घेतलाय. २०११ साली नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन मुलं तिथल्या यंत्रणेने काढून घेतली होती. २०१२ मध्ये मुलं भारतात काकाकडे आली, आणि जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ताबा आईला दिला. आपला कायदा त्यांच्यापेक्षा घराकडे जास्त झुकलेला आहे. अंमलबजावणी कशी होते हा निराळा विषय, त्यावर मी बोलायला लागले तर रात्र होईल.

अपील दाखल केलं म्हणून समितीचा आदेश आपोआप थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, आणि मूल दत्तकासाठी मुक्त केल्याचा कलम ३८ चा आदेश झाला असेल तर तो पहिल्याच तारखेला चालवा. न्यायालयाचा आदेश संस्थेला त्याच दिवशी हातोहात पोचवा, टपालाच्या भरवशावर राहू नका. बाल न्यायालयाच्या निकालावर दुसरं अपील नाही. मात्र उच्च न्यायालय कलम १०२ खाली दप्तर मागवून आदेश तपासू शकतं.

फॅमिली कोर्टाचं म्हणाल तर तिथे ताब्याचं भांडण नवरा-बायकोत असतं. तुमचं भांडण समितीच्या आदेशाशी आहे. तिथे अर्ज टाकून महिने जातील आणि अपिलाला झालेला उशीर आणखी वाढेल. ‘हेबियस’ (डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी उच्च न्यायालयातली याचिका) घालू म्हणणारेही भेटतील. समितीचा रीतसर आदेश असेल तर उच्च न्यायालय बहुतेक वेळा अपिलाकडेच बोट दाखवतं. फॉस्टर केअर (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) किंवा प्रायोजकत्वाबाबतच्या (मुलासाठी आर्थिक मदत देण्याच्या) आदेशावर मात्र अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच. खारघर, कामोठे, पनवेलची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी ठाण्याला येऊ नये, त्यांचा जिल्हा रायगड. ऐरोली ते बेलापूर मात्र ठाण्यातच.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणालात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्ट नाक्याला न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा, किंवा १५१०० ला फोन करा. ‘समितीत माझी ओळख आहे, वीस हजारात मूल बाहेर काढतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि भेटी चुकवू नका. मला तिथलं वातावरण सहन होत नाही म्हणून दोन वेळा गेले नाही, असं तुम्ही लिहिलंय. समजतं, पण भेटायला कोणी येतच नाही अशा मुलांचा दत्तकासाठी वेगळा विचार होतो. जाताना महागडं खेळणं नेऊ नका, नवऱ्याला सोबत नेऊ नका. ‘पुढच्या महिन्यात नेते’ असं मुलाला सांगू नका. तारीख तुमच्या हातात नाही, आणि तो दिवस मोजत बसतो. त्याने काय खाल्लं, कोणाशी खेळतो, एवढं विचारा. निघताना भेटीच्या नोंदवहीत सही करा, आत आल्याची आणि निघाल्याची वेळ स्वतःच्या हाताने घाला, आणि त्या पानाचा फोटो काढू देत नसतील तर तारीख घरी वहीत उतरवून ठेवा. वकील पहिल्या भेटीत तेच मागेल.